रिमूव्हरचा वास

दादा कंपनीतून सुटला की वहिनींना न्यायला माझ्या पार्लरच्या दारापर्यंत यायचा. आत यायचा नाही, कारण ‘पुरुषांना प्रवेश नाही’ ही पाटी मीच लावलेली. त्या दिवशी मात्र त्यानं पाटीबिटी काही बघितली नाही. सरळ पडदा सारून आत आला आणि नाक वर करून उभा राहिला.

“ह्यो वास कसला हाय?” म्हणाला.

दोन हजार आठ-नऊची गोष्ट. शिरूरला स्टँडमागच्या गल्लीत माझं पार्लर होतं. पार्लर म्हणजे काय, एक खोली, एक आरसा आणि एक फिरती खुर्ची. समोर पानटपरी आणि तिथं दिवसभर रिकामटेकड्यांचा अड्डा. बायका भुवया करायला मान वर करून बसायच्या, त्यांना कुणी बघायला नको म्हणून खिडकीला मी आतून प्लायवूड ठोकून घेतलं होतं. नुकतीच पुण्याला जाऊन जेलची नखं शिकून आले होते. नखावर थर लावायचा, निळ्या उजेडाच्या छोट्या डब्यात हात घालायचा, की थर टणक होतो. काढायचा म्हणजे रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस बोटांना गुंडाळून बसायचं. पार कारेगावपासून नवऱ्या मुली यायला लागल्या होत्या आणि मी जरा हवेतच होते.

वहिनींना पाचवा महिना होता. आधीचं एक चौथ्यात गेलेलं, त्यामुळं दादा त्यांना पाण्याची कळशीसुद्धा उचलू द्यायचा नाही. टीव्हीवरच्या कुठल्याशा बाईची नखं बघून त्या माझ्या मागं लागल्या. “वन्सं, सातव्यात डोहाळजेवण हाय. तवा हात कसं दिसत्यात बघायला नको?” मी म्हटलं, तोवर नखं वाढून सगळं वर सरकेल. तर म्हणे, आता बघू आन् तवा परत करू. बसल्या. एका बोटाचा थर बिघडला तो मी रिमूव्हरनं काढला, आणि नेमका तेव्हाच दादा आला.

“आमच्या डिपार्टमेंटला पार्ट पुसायला हेच असतंय,” तो म्हणाला. “ॲसिटोन. दारावर बोर्ड हाय, गरोदर बाईनं आत यायचं न्हाई. आन् तू हिला इथं कोंडून बसवलीस व्हय? खिडकीबी ठोकल्याली.”

दादाशी भांडायला मला एरवी कारण लागत नाही. तुमच्याकडं पिंपं असतील, माझ्याकडं एवढीशी बाटली आहे, हे अगदी ओठावर आलं होतं. पण मी नुसतं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. माझीच पाळी चुकून बरेच दिवस झाले होते, आणि हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

आमच्याकडं तिसरा महिना सरल्याशिवाय बाईनं तोंड उघडायचं नसतं. दृष्ट लागते म्हणे. आईनं तर मला लग्नाआधीच हे बजावून ठेवलेलं. लग्नाला सात वर्षं झाली होती, काय काय करून झालं होतं, आणि आता कुठं काही दिसत होतं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं आणि टिकलं नाही तर त्याचं तोंड कसं बघायचं? सकाळी पार्लर उघडलं की मळमळायचं, तर मी मनातल्या मनात खूश व्हायचे. आता दादा वहिनींच्या तासाभराचा हिशेब मागत होता आणि मी तर रोज दिवसभर तिथं बसत होते. 

“काढ ती नखं. आत्ताच्या आत्ता,” दादा म्हणाला.

“काढायला तेच लागतं,” मी म्हटलं.

दादा मटकन दारातच खाली बसला. वहिनी रडायला लागल्या, आणि रडता रडता म्हणाल्या की सकाळपासून पोटात काही हाललेलं नाही.

वहिनींची डॉक्टरीणबाई त्यांच्या माहेरी, दौंडला. दुसऱ्या दिवशी दादाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी पार्लर बंद ठेवून त्यांना एसटीनं घेऊन निघाले. वहिनींनी दोन्ही हात पदराखाली लपवले होते, जणू नखं दिसली तरी काही होईल. सारख्या म्हणत होत्या, “वन्सं, काय वाईट झालं तर वो?” मी खेकसले, गप बसा म्हणून. त्यांना धीर द्यायला मी आणणार कुठून? मला सारखं वाटत होतं, ह्या बसमध्ये पोटात बाळ असलेल्या दोघीजणी आहेत, आणि भ्यायची मुभा एकीलाच आहे.

भीमेच्या पुलाच्या अलीकडं वहिनी एकदम ताठ झाल्या. माझा हात ओढून त्यांनी आपल्या पोटावर दाबला. आतून टुणकन लागलं. मग परत एकदा. त्या हसायला लागल्या, मीही हसले आणि हात हळूच काढून घेतला. त्यांचं बाळ निदान लाथ मारून सांगू शकत होतं. माझं एवढंसं, ते आहे की नाही हे मी कुणाला विचारायचं?

डॉक्टरीणबाईंनी वहिनींना तपासलं, ठोके ऐकवले, मग नखं बघितली आणि हसल्या. म्हणाल्या, एखाद्या वेळेला तेवढ्या वासानं बाळाला काही होत नाही. दिव्याचा उजेड बोटांपुरता, तो पोटापर्यंत कुठला जातोय. काढायची घाई नको, काढाल तेव्हा दारं-खिडक्या उघड्या ठेवा. मात्र बाळंतपणाला येताना नखं मोकळी हवीत, कारण नखांच्या रंगावरून आम्हाला बरंच कळतं. वहिनींचा चेहरा इतका फुलला की त्या पिशवी घेऊन उठल्यासुद्धा.

मी उठले नाही.  “बाई,” मी म्हटलं, “आणि जी हे रोज करते, तिचं काय?”

त्यांनी लिहायचं थांबवलं. माझ्या हातांकडं नाही, तोंडाकडं बघितलं. “कितवा?” म्हणाल्या.

“दुसरा.” पहिल्यांदाच हे मोठ्यानं बोलले आणि मला हुंदका आला.

त्यांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, रोज, बंद खोलीत, तासन्‌तास, ही गोष्ट वेगळी. काही होईलच असं नाही, पण काही होणार नाही असं मी लिहून देणार नाही. खिडकी उघडा, आणि सध्या नखांचं काम सोडा. मला ते ‘काही होणार नाही’ एवढंच ऐकायचं होतं, आणि तेवढंच मिळालं नाही.

बाहेर आल्यावर वहिनींनी माझा हात धरला. मग म्हणाल्या, “मी सकाळधरनं माझंच रडगाणं लावलंय, आन् तुम्ही ऐकून घेताय.” थोड्या वेळानं परत म्हणाल्या, “मी न्हाई कुणाला सांगायची. खिडकीचं मी बघते.”

दुसऱ्या दिवशी दादा पक्कड घेऊन आला. वहिनींनी त्याला सांगितलं होतं की आपल्याला वन्संकडं बसायचं तर डॉक्टरांनी खिडकी उघडी ठेवायला सांगितलीय. कुरकुरत त्यानं प्लायवूड उचकटलं, वर जाड पडदा लावून दिला. पानटपरीवरची मंडळी माना वाकड्या करून बघत होती, त्यांना मी असं काही सुनावलं की दादाही गप्प झाला. निळा डबा बिघडला असं मी गिऱ्हाइकांना सांगून टाकलं. तिसरा महिना सरला, सगळ्यांना सांगून झालं, वहिनींना मुलगा झाला, तरी माझी भीती काही गेली नाही. सगळे मला आनंदात बघत होते आणि मी त्या बंद खोलीत घेतलेला एकेक श्वास आठवत होते.

मुलगी झाली असं सिस्टरनी सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, हात दाखवा. त्या म्हणाल्या, अहो, आधी तोंड तरी बघा. मी ऐकलं नाही. तिच्या मुठी घट्ट आवळलेल्या होत्या. एकेक बोट मी हळूहळू सोडवलं. सगळ्या बोटांना नखं होती, पातळ, गुलाबी, आणि टोकाला थोडी वाढलेलीसुद्धा. मग मी तिचं तोंड बघितलं.