मामींचा तवा आणि माझी घासणी

मूर्खपणा सगळेच करतात हो. पण सलग नऊ दिवस, मन लावून, मोठ्या आचेवर करणारी आमच्या बिल्डिंगमध्ये मी एकटीच. चहा घ्या, सांगते. फक्त हसायचं नाही.

ओवी, माझी साडेचार वर्षांची मुलगी. तिच्या शाळेत 'रोटी डे' निघाला. प्रत्येक मुलाला एक प्रांत वाटून दिला होता. तिथली पोळी, भाकरी जे काय असेल ते न्यायचं आणि ते ज्यावर करतात तो तवाही मांडायचा. नोटिशीत खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'मुलं वस्तू हाताळतील.' आमच्या वाट्याला तमिळनाडू आला, म्हणजे डोसा.

माझा तवा नॉनस्टिक. त्याचं निघालेलं कोटिंग ओवीच्या पोटात किती गेलं असेल, ही माझी वेगळी चिंता. म्हणून समोरच्या मामींकडे गेले. मामी मूळच्या तमिळ, लग्न होऊन इथे भाईंदरच्या नवघरला आल्या त्याला चाळीस वर्षं झाली. रोज सकाळी त्यांच्या दारातून डोशाचा वास येतो. मी ऑफिसला जाते तेव्हा ओवी त्यांच्याकडेच असते. अख्ख्या भाईंदरमध्ये मुलीला बिनघोर सोडावं असं माझ्यासाठी ते एकच घर. त्यांनी आत जाऊन तवा आणून दिला. सपाट, जड, काळाकुट्ट.

आता 'मुलं वस्तू हाताळतील' हे माझ्यासारख्या बाईने वाचल्यावर काय होणार? मी ओवीचा कंगवासुद्धा उकळते. साबण, लिंबू, खायचा सोडा आणि तारेची घासणी घेऊन बसले. तासाभराने काळं पाणी संपलं आणि खालून राखाडी लोखंड चमकायला लागलं. ओवी त्यात तोंड बघून आली.

शाळेत टीचरनी चार आयांना बोलावून तवा दाखवला. स्वच्छता असावी तर अशी, म्हणाल्या. मी दोन इंच उंच झाले. शेजारच्या टेबलावर जवळच्या उत्तन गावची एक आई होती, तांदळाच्या भाकऱ्या आणि कोळशासारखा काळा तवा घेऊन. तिने आमच्या तव्यावरून बोट फिरवलं.

"याला साबन लावलास?"

"हो, दोनदा," मी अभिमानाने म्हटलं.

"मंग गेला तो. तवा तेल पिऊन पिऊन काला होतो, तेवा कुठं तो डोसा सोडतो. आता याच्यावर काय सुटायचं न्हाय."

माझे दोन इंच गेले, वर आणखी चार गेले. चाळीस वर्षांचे रोजचे डोसे, आणि मी ते तासाभरात मोरीत सोडले होते. कुठल्या तोंडाने सांगणार? आणि उद्यापासून ओवीला कुणाकडे ठेवणार?

सांगितलंच नाही. तवा शाळेने प्रदर्शनासाठी ठेवून घेतलाय, अशी थाप मारली. मामी म्हणाल्या, रहने दे, जल्दी नहीं है. त्यांच्या दारातून डोशाचा वास मात्र येतच होता. बिचाऱ्या कुठल्या तरी तव्यावर भागवत असतील, असं वाटून मला आणखीच भरून आलं.

मग फोनवर व्हिडिओ बघून सुरू झालं. तव्याला तेलाचं बोट लावायचं, धूर येईपर्यंत तापवायचा, अर्धा कांदा काट्याला टोचून घासायचा, थंड करायचा. पुन्हा तेच. सुमित, म्हणजे माझा नवरा, घरून काम करतो. त्याच्या मीटिंगमधल्या कुणीतरी विचारलं, तुझ्याकडे धुकं पडलंय का?

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात मामी. मी तापलेला तवा झटकन लपवला. कुठे? ओवीच्या अंघोळीच्या प्लॅस्टिकच्या टबात. मामींनी वास कसला म्हणून विचारलं. मी म्हटलं, पापड. आत टबाला अगदी तव्याएवढं गोल भोक पडत होतं.

पहिले डोसे खरवडून निघाले. त्यांना आम्ही डोशाची भुर्जी म्हटलं आणि खाल्ले. सहाव्या दिवशी सुमितने साध्या वरणभाताची अतिशय नम्रपणे मागणी केली. नवव्या दिवशी डोसा अख्खा सुटला. मी आणि ओवी नाचलो.

कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, म्हणून तव्यावर नारळ ठेवला आणि गेले. मामींनी हात पुढे केला आणि मला राहवलंच नाही. साबण, घासणी, टब, पापड, सगळं सांगून टाकलं. रडलेही थोडी.

मामींनी मला हाताला धरून किचनमध्ये नेलं. गॅसवर त्यांचा तवा होता, काळा, तुकतुकीत, वर डोसा होत होता.

"ये है मेरा तवा. तेरे को दिया वो तो बालकनी में गमले के नीचे रहता है. बच्चों के स्कूल में, और वो भी तेरे हाथ में, मैं अपना तवा देगी क्या?"

कुंडीखालचा तवा. नऊ दिवस त्याच्यावरचे डोसे. माझ्या ओवीच्या पोटात. मी विचारलं, "मामी, देताना धुतला तरी होता ना?"

"पोंछ के दिया था," मामी डोसा उलटत म्हणाल्या. "धोएगी तो तू, वो मालूम था मेरे को."