अठ्ठावन्न सुया

कयाधूच्या काठच्या माणसाचं एक अजब हाय. त्याला कसलीबी तकलीफ असो, तो शेजाऱ्याला सांगंल, सोयऱ्याला सांगंल, बाजारात बिडी पेटवायला काडी मागणाऱ्या अनोळखी माणसाला पोटातल्या गोळ्यापासून मुळव्याधीपर्यंत सगळं उलगडून सांगंल. फक्त डागदरला सांगणार न्हाई. डागदरनं विचारलं, कसं वाटतं, की हात जोडून म्हणणार, बरं हाय साहेब. अंग तव्यासारखं तापलेलं असलं तरी बरं हाय. कोणाच्या घरी जेवायला बसलं आन् घरवालीनं विचारलं, भाजी कशी झाली, तर आळणी झाली म्हणून तोंडावर कोण सांगतं? तसंच ते. दवा त्याची, सुई त्याची, मग बरं न्हाई कसं म्हणायचं?

या एका गोष्टीपायी जनकाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

बाई अंगानं बुटकी, आवाजानं ताडासारखी. बौद्धवाड्यातल्या जळबाची बायको. निंदायला, कापूस वेचायला जाणारी. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर होती, तेव्हा तिचं सहा महिन्यांचं पोरगं तापलं. सरकारी जीप आली. डागदरनं जीपमधूनच विचारलं, लेकरू कसं हाय. जनका तोंड उघडायच्या आत सासू चतुराबाई पदर सावरून म्हणाली, बरं हाय साहेब. जीप धुरळा उडवत गेली. पोरगं तिसऱ्या दिवशी गेलं. जनकानं सासूला शिवी दिली न्हाई. म्हातारीनं मुद्दाम थोडंच केलं होतं. पण तेव्हापासून कोणी वाटेत सहज विचारलं, काय जनका, बरं हाय का, तर ती उभी राहून म्हणायची, "काय बरं हाय आन् काय न्हाई, दोन्ही सांगते. हाय का वेळ?" लोक तिला टाळायला लागले. तिला त्याचं काही न्हाई.

जळबा तिच्या उलटा. गडी मुका नव्हता, पण साहेब म्हटला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. तो संतरामच्या टोळीत विहिरी खोदायचा. पन्नास-साठ फूट खाली उतरून खडकात पहारीनं भोकं पाडायची, सुरुंगाची दारू ठासायची. वर रहाट, रहाटाला दोर, दोराला मलब्याची टोपली. टोपलीतून दगड निसटला की वरचा माणूस 'हुश्शार' म्हणून हाक मारतो आन् खालच्यानं त्या हाकेसरशी भिंतीला चिकटायचं. वर बघत बसला तर दगड तोंडावर. खालच्या माणसाचा जीव त्याच्या कानात असतो, हे टोळीतलं शेंबडं पोरगंबी सांगंल.

दुष्काळ सरून तीन वर्षं झाली आन् जळबा खोकायला लागला. खोकल्यातून रगत पडलं. परभणीच्या मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटू काढला. टीबी निघाला. तिथून चिठ्ठी दिली, की रोज एक सुई आन् गोळ्या, बाजाराच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात. दवाखाना कोसभर लांब. जळबा रोज सकाळी भाकर खाऊन निघायचा आन् दुपारी परतायचा. महिनाभरात रगत थांबलं, भूक लागायला लागली, गालफडं भरली. जनकानं त्या डागदरला मनातल्या मनात हात जोडले. खोटं काहून बोला? जोडले.

मग एके दिवशी जळबा म्हणाला, कानात रातकिडे वरडून राहिले. दिवसाढवळ्या. चार दिवसांनी त्याला भोवळ यायला लागली. अंगणातून चालताना भिंत धरायचा. दवाखान्यातून येताना पांदीत झोकांड्या जायच्या. मागून गावच्या कोंडीबाची बैलगाडी आली. कोंडीबा हाका मारून थकला, हा बाजूला सरकंना. बैलाचं शिंग पाठीला लागलं तेव्हा दचकून खाली पडला. कोंडीबा वरून म्हणतो, काय रे, सकाळीच मारून आला का? गावभर झालं, जळबा टीबीत दारू प्यायला लागला.

जनकाला ठाऊक होतं, तो पीत न्हाई. ती म्हणाली, उद्या साहेबाला सांगा. तो व्हय म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, सांगितलं का, तर गडी खाली बघायला लागला.

"त्या माणसानं मला मढ्याचा माणूस केला," तो म्हणाला. "आन् मी त्यालाच म्हणू, तुझ्या दव्यानं कान वाजतात?"

"मग कोणाला म्हणता? बैलाला?"

ती स्वतः गेली. लाईनीत दोन तास उभी राहिली. डागदर शहराकडचा होता. समोर सत्तर माणसं, मान कार्डात. त्यानं वर न बघता सांगितलं, अशक्तपणा आहे, दूध-अंडी द्या. जनकानं विचारलं, ही कोणती दवा हाय आन् तिनं असं होतं का? तेव्हा त्यानं पेन ठेवलं आन् म्हटलं, डॉक्टर तू की मी? मागची लाईन हसली. लाईन हसली, हे जनकाला डागदरपेक्षा जास्त लागलं. तिच्याच गावची दोघं होती त्यात.

आठ दिवसांनी पुन्हा गेली. डागदर बैठकीला गेला होता. कंपाउंडर दगडोबा म्हणाला, वयनी, कानात मळ असंल, गोड तेल कोमट करून घाला. दगडोबा हिकडचाच, वाईट माणूस न्हाई, पण साहेबाला विचारायची त्यालाबी जळबाइतकीच भीती होती, फक्त त्याच्या अंगावर पांढरा कोट होता. तिनं तेल घातलं. जळबाच्या उशीला तेलाचे डाग पडले, बाकी काही झालं न्हाई. तिसऱ्या खेपेला डागदर भेटला, तर म्हणे, बाई, तुझा नवरा मला रोज सांगतो, बरं आहे. त्याचं ऐकू की तुझं? परत येताना ती रस्ताभर बोलत आली. शिव्या अर्ध्या डागदरला आन् अर्ध्या नवऱ्याला, बराबर वाटून.

चौथ्या खेपेला ती जळबाबरोबरच गेली. लाईनीत तिच्या पुढं तांड्यावरची पारुबाई होती, पोटाच्या दुखण्यासाठी आलेली. बोलता बोलता निघालं, की तिलाबी दोन वर्षांमागं टीबी झाला होता. तिनं सुई हिंगोलीला घेतली होती. पंधरा दिवसांत तिचं डोकं गरगरायला लागलं, तर तिथल्या डागदरनं स्वतःच विचारलं, कान वाजतात का, चक्कर येते का? व्हय म्हटल्याबरोबर सुई बंद. दुसऱ्या गोळ्या दिल्या आन् बाई खडखडीत झाली.

"त्यानं स्वतः विचारलं?" जनकानं तिला दोनदा विचारलं.

"व्हय. सुईची खोडच हाय म्हणला ती."

जनकाच्या अंगातून आग निघाली. म्हंजे हे ठाऊक असलेलं हाय. पुस्तकात असंल. इथल्या साहेबाच्याबी डोक्यात असंल. विचारायचं तेवढं राहिलं. तिला आजवर वाटत होतं, आपण अडाणी, आपल्याला भलतंच दिसत असंल. आता तसं वाटायचं कारण उरलं न्हाई.

ती दाराच्या चौकटीत उभी राहून पुढचं बघायला लागली. डागदर एकेकाला बोलवायचा. मान कार्डात. लिहिता लिहिता पुटपुटायचा, कसं वाटतं. समोरचा म्हणायचा, बरं हाय. तो तेच लिहायचा आन् दगडोबाकडं बोट करायचा. जळबाचा नंबर आला. डागदर पुटपुटला, जळबा गप्प उभा. मग डागदरचं पेन थांबलं, आन् पेन थांबलं तसं जळबा म्हणाला, बरं हाय साहेब.

जनकाच्या ध्यानात आलं. गडी प्रश्न ऐकतच न्हाई. त्याला ऐकूच येत न्हाई. डागदरची मान खाली, तोंड दिसत न्हाई, ओठ दिसत न्हाईत. हा पेनाकडं बघून राहिला. पेन थांबलं की उत्तर द्यायचं, एवढंच त्याला कळतं. किती दिवस झाले असतील असं चालून? घरातबी तो तिच्या तोंडाकडं बघून बोलायचा, आन् तिला वाटायचं, नवरा आता नीट ऐकायला लागला.

दगडोबानं सुई भरली होती. जनका आत शिरली आन् जळबाच्या दंडावर तिनं आपला हात आडवा ठेवला. सुई टोचायची तर तिच्या हाताला टोचली असती. दगडोबा म्हणाला, वयनी, बाहेर व्हा. डागदर वैतागून म्हणाला, ही बाई पुन्हा आली का?

"साहेब," ती म्हणाली, "एक काम करा. त्याला पुन्हा काही विचारू नका. एक अक्षर बोलू नका. फक्त लिहा आन् पेन थांबवा."

"काय चाललंय हे?"

"डागदर तुमीच. मी कुठं म्हणते मी हाय? एवढं करा, मग मला हाकलून द्या."

लाईन पुढं सरकली, दारात तोंडं जमली. डागदरला ती बला टाळायची होती. त्यानं कार्डावर उगाच एक रेघ ओढली आन् पेन थांबवलं. एक शब्द बोलला न्हाई.

"बरं हाय साहेब," जळबा हात जोडून म्हणाला.

दारातलं कोणीतरी फिसकन हसलं. दुसरं कोणी हसलं न्हाई. डागदरनं पुन्हा रेघ ओढली, पुन्हा पेन थांबवलं.

"बरं हाय साहेब."

तेव्हा डागदरनं पहिल्यांदा मान वर केली. उठला. जळबाच्या मागं जाऊन चुटकी वाजवली. मग टेबलावरची काचेची बाटली पहारीसारखी हातातल्या पत्र्याच्या ट्रेवर आपटली. डाव्या अंगाला आपटली तेव्हा जळबा जरासा वळला. उजव्या अंगाला आपटली तेव्हा तो जनकाकडं बघत होता, की आपलं काही चुकलं का.

डागदरचा चेहरा उतरला. तो जळबावरच ओरडला, मग आधी का नाही सांगितलंस?

"त्याला काय विचारता?" जनका म्हणाली. "मी तीनदा सांगितलं. एकदा तुमी म्हणले दूध पाजा, एकदा तुमी नव्हते, एकदा म्हणले नवऱ्याचं ऐकू की तुझं. ऐका आता नवऱ्याचं."

त्यानं कार्ड उलटंपालटं केलं. अठ्ठावन्न सुया. अठ्ठावन्न वेळा 'बरा आहे', एकाच हातानं, एकाच शाईनं. त्यानं दगडोबाला सांगितलं, हे इंजेक्शन बंद, आजपासून. दुसऱ्या गोळ्यांची नावं लिहिली, परभणीला चिठ्ठी लिहिली. जनकाला त्याची दया आली न्हाई. तिनं एकच विचारलं.

"गेलेले कान येतात का परत?"

"बघू."

"बघू म्हंजे काय? तुमच्या पुस्तकात काय हाय ते सांगा. येतात का न्हाई?"

डागदरनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "गेलेलं येत नाही. आहे तेवढं आता वाचेल. वाचायला हवं."

"एवढंच सांगायचं होतं," जनका म्हणाली. "याला साठ दिवस लागले."

तिनं ते डागदरकडून कार्डावर लिहवून घेतलं. बायकोनं तीनदा सांगितलं होतं, हेसुद्धा. डागदर आधी म्हणाला, तसं लिहिता येत नाही. ती म्हणाली, बरा आहे असं अठ्ठावन्नदा लिहिता येतं, आन् हे एकदा लिहिता येत न्हाई? मागं लाईन उभीच होती आन् आता ती हसत नव्हती. त्यानं लिहिलं. तिला वाचता येत न्हाई म्हणून तिनं दगडोबाकडून ते दारात उभं राहून मोठ्यानं वाचून घेतलं. दगडोबानं मान खाली घालून वाचलं.

वर्षाच्या आत जळबाचा टीबी गेला. डाव्या कानाला मोठं बोललं तर ऐकू यायचं, उजवा कान गेला तो गेलाच. भोवळ कमी झाली, पण अंधारात भिंत धरावी लागायची. अंगात जोर आला तसा गडी म्हणायला लागला, खाली उतरतो. टोळीत त्याच्यासारखा भोक पाडणारा न्हाई, हे खरंच होतं. संतरामलाबी तो हवा होता. संतराम घरी आला. म्हणाला, जनकाबाई, मी वरून दोर हलवून खूण करीन, हाकेची काय गरज?

जनकानं त्याला पाणी दिलं आन् विचारलं, दगड निसटला की तुमी दोर हलवेस्तोवर तो थांबतो का? संतराम पाणी पिऊन उठला. जळबाला त्यानं वरचं काम दिलं. भात्यापाशी बसून बोथट झालेल्या पहारी तापवायच्या, ठोकून त्यांना धार करायची. काम हलकं न्हाई, पण खाली उतरणाऱ्याचा मान त्याला न्हाई. जळबा आठ दिवस बायकोशी बोलला न्हाई. साहेबानं सुई दिली, त्याचा राग त्याला आला न्हाई. राग आला तो हिचा, हिनं त्याला वर बसवलं म्हणून.

नवव्या दिवशी ती भाकर घेऊन विहिरीवर गेली. तो विस्तवासमोर बसला होता, तोंड फिरवून.

"वर बसून माझा राग राग करा," ती म्हणाली. "खाली चेंदा झालेल्या माणसाला राग येत न्हाई."

त्याला ऐकू आलं न्हाई. ती भाता ओलांडून त्याच्या डाव्या अंगाला आली, खाली बसली आन् तेच पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, विहिरीत उतरलेल्या माणसांनाबी ऐकू जाईल असं.