हॅनाचं नाव

आखातातल्या दुखानच्या तेल कंपनीच्या कॅम्पात मी टायपिस्ट होतो, तेव्हाची गोष्ट. ड्रिलिंगवरचा एक अमेरिकन साहेब दर शुक्रवारी जुनी मृत्युपत्रं टाइप करून घ्यायला माझ्याकडे यायचा. त्याची बहीण तिकडे त्यांच्या गावच्या कोर्टातून नकला काढून पाठवायची, आणि त्यांवरून तो घराण्याची वंशावळ जुळवत होता. नवं नाव सापडलं की आधी तळहाताने कागद सपाट करायचा, मग ते सावकाश लिहायचा.

एकदा मी टाइप करत होतो, 'माझ्या मुलाला पलंग, करडी घोडी आणि हॅना ही पोर.'

"हॅना कोण, साहेब?"

"गुलाम असेल," तो सहज म्हणाला.

पुढचं मृत्युपत्र त्या मुलाचं होतं. 'हॅनाला मी मुक्त करतो. ती माझ्याच बापाची मुलगी आहे.'

माझी बोटं थांबली. कागद मी त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो तीनदा वाचला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "आम्हा मुसलमानांत बापाच्या मिळकतीत मुलीलाही वाटा असतो, साहेब."

"इथे मुलगीच वाट्याला दिली," तो म्हणाला. "तिच्याच भावाला. आणि मी त्या भावाचा वंशज."

जेवणाची वेळ टळली तरी तो उठला नाही. शेवटी त्याने वंशावळीत भावाच्या शेजारी हॅनाचं नाव लिहिलं. बापापासून तिच्यापर्यंत रेघ ओढताना मात्र पट्टी त्याने मला धरायला सांगितली.