सत्कारांनी गप्प केलेला बँड

वसमतहून हट्ट्याला निघालो तेव्हा मांडीवर शाल होती आणि डोक्यात भाषण. देशाच्या सर्वोच्च नेत्यांनी रेडिओवर हट्ट्याच्या जॅझ वाजवणाऱ्या बँडचं तोंडभरून कौतुक केलं होतं. असं काही ऐकलं की मला पुण्यात चैन पडत नाही. कंडक्टरनं शालीकडे एकदा पाहिलं आणि न विचारताच सांगितलं, "खाजाभाईकडं ना? मशिदीमागची गल्ली."

सॅक्सोफोन वाजवणारे खाजाभाई अंगणात बाजेवर बसले होते. निजामाच्या काळात त्यांचे आजोबा हैदराबादच्या हॉटेलात जॅझ वाजवत. तेच घरात उतरलेलं. मी त्यांना शाल पांघरली. त्यांनी ती अदबीनं आत पाठवली.

आतून बायकोचा आवाज आला, "पेटीत जागा न्हाई!"

चहाबरोबर गरम धपाटे (ज्वारीच्या पिठाचे तिखट, थापलेले) आले. दोन संपवून मी विचारलं, "आज कुठं वाजवणार?"

"कुठं वाजवू? रेडिओवर नाव आलं तवापासून एक वरात न्हाई. लोक म्हणून राहिले, एवढ्या मोठ्या माणसाला घोड्यापुढं कसं चालवावं? सगळे शाल आणतेत, वाजवायची सुपारी कोणी आणत न्हाई. ही लग्नसराई अशीच गेली तर पोरं बँड सोडतील."

मी भाषण बाजूला ठेवून तिसरा धपाटा उचलला.

तेवढ्यात जवळच्या तांड्यावरच्या (बंजारा वस्ती) सोनाबाई दारात आल्या. मुलाचं लग्न ठरलं होतं. मी लगेच मध्ये तोंड घालून रेडिओची हकिगत ऐकवली.

"असंल," त्या म्हणाल्या. "पण त्याच्यावर नाचता येतंय का? आधी वाजवून दाखवा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाजाभाई मात्र खुशीत उठले आणि गल्लीतून साथीदारांना हाका मारल्या. वरातीची ओळखीची चाल सॅक्सोफोननं धरली, सोडली, क्लॅरिनेटशी भांडली आणि पार हरवली. सोनाबाईंचा चेहरा हलेना. मग ठेक्यावर अचूक चाल परतली आणि त्यांचे पाय हलले.

"मधी कुठं भटकून राहिले व्हते?"

"त्यालाच जॅझ म्हणतेत, बाई."

"भटका. पण लेकरू घोड्यावर बसलं की बराबर परत या."

त्यांनी पदराची गाठ सोडून सुपारी हातावर ठेवली. खाजाभाईंनी ती डोळ्यांना लावली.

मग एकच धांदल उडाली. "ढोल ताणा रे! कोट उन्हात टाका! क्लॅरिनेट, तू कुठं चालला?" मी दोनदा "येतो" म्हणालो, कोणाच्या कानावर गेलं नाही. थांब्यावर एकटाच आलो. निरोप द्यायला घरात कुणीच रिकामं नव्हतं, आणि त्याचं मला फार बरं वाटलं.