हिरव्या चिंधीची कात्री

सुरतेतल्या कतारगामची ती वरच्या मजल्यावरची खोली मला अजून दिसते ती धूसर, तरंगत असल्यासारखी. आम्ही चौदा बायका जमिनीवर बसून साड्यांवरचे सुटे धागे कापायचो. खालच्या मागांचा खटखटाट फरशीतून अंगात चढायचा, आणि कापलेले धागे उन्हातून इतके सावकाश उतरायचे, की बसल्या जागी डोळा लागावा.

त्या बायकांवर मी मुकादम होते. आधीचा मुकादम पुरुष होता, पाठीवरून हात फिरवायचा. आम्ही सगळ्या अंग चोरून बसायचो. एकीनेच त्याचं मनगट धरलं आणि तसंच ओढत त्याला शेठाणीपुढे उभं केलं. तो गेला, त्याच्या जागी मी आले. सुरतेत मला 'ताई' म्हणून पहिली हाक तिनेच मारली. आमच्या खानदेशातलीच होती.

पुढे तिच्या गावची एक बाई कामाला लागली, आणि मला 'ताई' म्हणणारी ही गावातल्या कुठल्या वस्तीतली, कुठल्या जातीची, हे तिच्याकडून दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. कात्र्या एकाच डब्यात असायच्या. बायका कुजबुजल्या, "तिची कोणाच्याही हातात येती ना." शेठाणी मला म्हणाली, काहीतरी कर.

मी माझ्या जुन्या पोपटी साडीची चिंधी फाडली, एका कात्रीच्या मुठीला बांधली आणि ती तिला दिली. तिने उलटसुलट करून पाहिली. "रंग चांगला शे, ताई," एवढंच म्हणाली.

ती कात्री जिन्याच्या दगडावर घासून घासून तिने धारदार केली. बाकीच्या बोथट. दुपारी सगळ्या डबे खायला गच्चीवर गेल्या की राहिलेल्या साड्या मी उरकायचे. तिच्याच कात्रीने. पाण्यातून चालावी तशी चालायची. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

एका संध्याकाळी तिने चिंधी सोडली आणि कात्री डब्यातल्या ढिगात टाकली. सकाळी डब्यात हात घालायला कुणी तयार होईना. काम थांबलं. शेठाणी वर आली, तिला म्हणाली, "चिंधी बांध, नहीं तो घर जा." मग माझ्याकडे वळली, "कौनसी है?"

मी न बघता डब्यात हात घातला आणि नेमकी तीच बाहेर काढली.

ती हसली. "ताई, न देखता तुले कशी वळखू उनी व?"

खाली माग चालू होते. 'मीही तीच वापरते' हे खरं एक वाक्य बोलले असते, तर त्या चिंधी कुणाकुणाला बांधणार होत्या? पण माझं 'ताई'पण जाईल, ही भीती. शेठाणीला कळावं म्हणून मी गुजरातीत बोलले, "हुं तो अडी पण नथी." मी तर हातही लावलेला नाही.

तिने डब्याची पिशवी उचलली आणि जिना उतरून गेली. ती पुन्हा कधी आली नाही.

हल्ली कोसाडच्या घरात दुपारी डोळा लागतो. रंगीत धागे उतरत राहतात, हात आपोआप डब्यात जातो, ती तेच विचारते. आणि मी आमच्या बोलीत सांगून टाकते, "वापरी मी, बाई. रोज वापरी."

पण ते झोपेत. आज पूर्ण जागी आहे, म्हणून लिहून ठेवते.