बीकनचं कव्हर

नसीमबानूचा पारा एरवी चढत नसे. खडकी बाजारात स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवण्यात तिची हयात गेली. गिऱ्हाईक कितीही हुज्जत घालो, ही आपली मशीन चालवत राही. पण आज ती धरणावरच्या बोट क्लबात तणतणतच शिरली, आणि का शिरू नये?

तिचा नवरा हमीद तिथे होड्या चालवायचा. क्लबाने त्याच्यासाठी बीकन आणला होता. कमरेला बांधायचा, माणूस पाण्यात पडला, बीकनला पाणी लागलं, की इकडे कचेरीत भोंगा वाजणार. छान! पण नवी वस्तू आली की आपल्याकडे आधी काय करतात? प्लॅस्टिक घालतात. रिमोटला घालतात, सोफ्याला घालतात. सेक्रेटरी शरच्चंद्ररावांनी बीकनलाही घातलं. "महागाची वस्तू आहे, थेंब लागता कामा नये," असं बजावून नसीमबानूकडूनच जाड कव्हर शिवून घेतलं. तो चालतो कशाने, हे तिला सांगायची तसदी कोणी घेतली नाही.

मग एका दुपारी वाऱ्याने होडी उलटली. हमीद संध्याकाळपर्यंत उलट्या होडीला धरून गार पाण्यात राहिला. बोटं बधिर, शिवण पक्की, आणि बीकन आत ठणठणीत कोरडा! कचेरीत ही मंडळी चहा पीत बसलेली. एका मासेमाराला दिसला म्हणून वाचला, नाहीतर तिने कुणाच्या तोंडाकडे बघायचं होतं?

उद्यापासून हमीद पुन्हा कामावर जाणार होता. आणि शरच्चंद्ररावांचा निरोप काय, तर नवं कव्हर शिवून द्या.

"या वेळी चेन लावा, बाई," ते शांतपणे म्हणाले. "म्हणजे पाण्यात पडला की तो उघडेल."

"बुडता बुडता चेन उघडायची?"

"अहो, पण कव्हरच नसलं तर यंत्र भिजेल ना!"

नसीमबानूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिजेल? अरे, भिजायलाच आणलंय ना ते! तिने टेबलावरचा बीकन उचलला, पिशवीतल्या कात्रीने आपलीच शिवण टराटरा कापली आणि बीकन कोपऱ्यातल्या बादलीत टाकला.

भोंग्याने कचेरी दणाणली.

"बंद करा, बंद करा!" शरच्चंद्रराव कानांवर हात ठेवून ओरडले. "काहीतरी झालंय असं वाटेल लोकांना!"

खरंच, धक्क्यावरची माणसं हातातलं काम टाकून धावत येत होती. नसीमबानू बादलीपुढे ठाण मांडून उभी राहिली.

"येऊ द्यात," ती म्हणाली. "माझ्या माणसासाठी अशीच धावली असती ती."