बाईंचा चहा संपेपर्यंत

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुनरुत्थानाच्या बाजूने मुद्दे जमवत बसले होते आणि एकही धड सापडत नव्हता. फोन दानिएलचा होता. दानिएल म्हणजे बाईंचा भाचा, मंचरला मोटारसायकलच्या शोरूममध्ये नोकरीला. "क्रांतीताई, आत्या गेली... सकाळी, झोपेतच," एवढं बोलून त्याने नाक ओढलं. मग म्हणाला, "रविवारची तुझी तयारी झाली होती का?" मला रडू यायच्या आधी हसूच आलं. त्याला वाटलं मी रडतेय, म्हणून तोही रडायला लागला. बाईंनी हे पाहिलं असतं तर दोघांनाही घंटी वाजवून गप्प केलं असतं.

सलोमीबाई ओतूरच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. तिथे दर रविवारी दुपारी बायबलचा अभ्यास चालायचा. प्रार्थना नाही, गाणी नाही, नुसता अभ्यास. बाईंनी त्यातले मोठे विषय एकापुढे एक लावले होते: निर्मिती, गुलामगिरीतून सुटका, संदेष्ट्यांचा न्यायासाठीचा आरडाओरडा, कृपा, क्षमा आणि सगळ्यात शेवटी पुनरुत्थान. एकेक विषय कितीही रविवार चालायचा. वेळ दुपारचीच, कारण मला राजुरीला आणि पुढे आमच्यात आलेल्या गेणूभाऊंना बेल्ह्याकडे अंधार पडायच्या आत पोचायचं असायचं. आमच्याकडे संध्याकाळनंतर रस्ता बिबट्याचा असतो.

मी तिथे पोचले ती भांडायला. आमच्या घरात देव नव्हता, पत्रकं होती. माझं नाव क्रांती ठेवणाऱ्या माझ्या वडिलांनी आयुष्यभर पत्रकं लिहिली, छापली आणि एसटी स्टँडवर वाटली. उरलेल्या गठ्ठ्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली, गणितं सोडवली, आणि अक्षर जुळवून वाचायला लागले तीही पुढच्या बाजूला 'बंधूंनो आणि भगिनींनो' असं असायचं तिथूनच. मोठी झाल्यावर मीही एक पत्रक काढलं, सगळ्या धर्मांची एका कागदात वासलात लावणारं. ते वाटत असताना स्टँडवर एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईंनी घेतलं, बाकावर बसून शेवटपर्यंत वाचलं आणि परत माझ्यापाशी आल्या. "छान लिहितेस. आमच्या शास्त्राला चार ओळी दिल्यास. वाचलंयस का ते?"

"नाही," मी म्हटलं. "त्याची गरज वाटली नाही."

"हो का? मग रविवारी ये. चहा मिळेल आणि भांडायला माणसंही मिळतील."

त्यांच्याकडचा नियम विचित्र होता. ज्याचा विश्वास आहे त्याने विरुद्ध बोलायचं, ज्याचा नाही त्याने बाजूने. बाई म्हणायच्या, जी बाजू तुला मांडता येत नाही तिच्याविरुद्ध तोंड उघडायचं नाही. बोलायला वेळ किती, तर बाईंच्या कपातला चहा संपेपर्यंत. चहा संपला की त्या मेंढीच्या गळ्यात बांधायची पितळी घंटी वाजवायच्या. बेल्ह्याच्या बाजारातून खास त्यासाठी आणलेली. त्यातली मेख मला फार उशिरा कळली. कुणी रटाळ बोलायला लागलं की बाई दोन घोटांत कप रिकामा करायच्या. आणि बोलणं रंगलं की कप हातात तसाच राहायचा, चहावर साय धरायची. मी पहिल्या रविवारी बोलायला लागले तेव्हा तर एका दमात संपवला त्यांनी. "चहा संपला, क्रांती. बस खाली," त्या म्हणाल्या. "सभा नाही ही. तिघं आहोत आपण."

दानिएलचे हाल माझ्याहून वाईट. तो मनापासून श्रद्धाळू, त्यामुळे त्याला कायम विरुद्ध बोलावं लागायचं. इजिप्तमधून गुलाम सुटतात त्या प्रकरणात मला तर चंगळ होती. मालक विटांसाठी लागणारा भुसाही देत नाही आणि विटा मात्र तेवढ्याच मागतो, हे वाचल्यावर मी उठून उभीच राहिले. हे आमच्या घरातलंच पत्रक होतं! दानिएलला मात्र गुलामांच्या सुटकेसाठी देवाने मारलेल्या इजिप्शियन पोरांची बाजू घ्यायची होती. घामाघूम होऊन तो म्हणाला, "आत्या, देवाच्या विरुद्ध मी कसं बोलू?" बाई शांतपणे म्हणाल्या, "त्याला सवय आहे, तू बोल." आणि तो बोलला. फार सुंदर बोलला. विजयाच्या घोषणेत समोरच्यांची मेलेली पोरंही मोजायची असतात, हे मला एका श्रद्धाळू मुलाने शिकवलं.

गेणूभाऊ आमच्यातले तिसरे. मेंढपाळाच्या घरातले, आता शेती करणारे, पण थोडी मेंढरं अजून राखून असलेले. बाईंच्या गुलाबांना लेंडीखत द्यायला आले होते, आतून मेंढ्यांविषयी काहीतरी चाललेलं ऐकलं आणि दारातच बसले. ते आले त्या दिवशी कृपेचा विषय होता. मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून हरवलेलं एक शोधायला जातो, ती गोष्ट. बाईंनी त्यांना लगेच कामाला लावलं. गेणूभाऊंचा देवावर विश्वास होता, देव मात्र वेगळा होता. बाई म्हणाल्या, आज तेवढं चालेल, विरुद्ध बोला.

"बाई, ह्यो गडी येडा व्हता का?" गेणूभाऊंनी सुरुवातच अशी केली. "नव्व्याण्णव उघड्यावर टाकून एकामागं पळाला? हितं आसता तर बिबट्यानं त्याचा कळपच मोडला आसता. मालकानं त्याला दुसऱ्या दिशी हाकललं न्हाई?"

मला बाजूने बोलायचं होतं आणि मी आतून गेणूभाऊंच्या पक्षात होते. आम्ही बहुसंख्यांच्या हिताची भाषा बोलणारी माणसं. एकासाठी सगळे पणाला लावणं आमच्या कुठल्याच पत्रकात बसत नव्हतं. मी चाचरत होते तेव्हा बाईंनीच विचारलं, "गेणूभाऊ, तुमचं कधी हरवलं नाही?"

"हरवलं की."

"मग?"

गेणूभाऊंनी बशीतला चहा फुंकला. "गेलो व्हतो... पर बाकीची सोडून न्हाई. बायकूला बशिवलं व्हतं काठी दिऊन."

"म्हणजे गेलात."

"आवं, ते वरडत आसंल ना कुठंतरी! जावं लागतंय, बाई."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "घे. तुझा मुद्दा त्यांनीच मांडला." मग मी बोलले. जी चळवळ एकाची हाक ऐकत नाही तिला सगळ्यांची तरी कशी ऐकू येणार, असं काहीसं. त्या दिवशी त्यांच्या चहावर पहिल्यांदा साय धरली. मला अजून त्याचा गर्व आहे.

अर्थात गावात कुजबुज झालीच. ख्रिस्ती बाईच्या घरी हिंदूंची माणसं दर रविवारी जातात म्हटल्यावर होणारच. बेल्ह्याच्या बाजारात गेणूभाऊंना कुणीतरी हटकलं, "काय राव, नाव बदललं म्हणं?" गेणूभाऊ म्हणाले, "नाव त्येच हाय. मेंढीचा भाव बदललाय, घ्यायची का?" माझ्या घरी वेगळीच गंमत. माझे नास्तिक वडील आणि आमच्या शेजारचे कट्टर काका जन्मात पहिल्यांदा एका मतावर आले, की पोरगी हाताबाहेर गेली. वाचलं म्हणून माणूस बाटतो असं मानणाऱ्यांचा मला संताप येतो, मग ते कुठल्याही रंगाचे असोत. पुस्तक उघडायला भिणारा विचार मुळात विचारच नसतो. हे मी बाईंना तावातावाने सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "खरंय. मग वडिलांनाही बोलाव एकदा. चहा वाढवू."

क्षमेचा विषय संपला आणि पुनरुत्थान उरलं. मी नाहीच म्हटलं. मेलेला माणूस उठला, हे मी कसं सांगणार? खोटं बोलायचं नाही हे माझं एकच तत्त्व आहे, आणि ते मी बाईंसाठीही मोडणार नव्हते. त्या दिवशी बाई बऱ्याच थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी मला फाटकापर्यंत सोडलं, गुलाबाच्या काटेरी फांदीतून माझी ओढणी सोडवली आणि म्हणाल्या, "खोटं नकोच बोलूस. वाच, आणि खरं जेवढं सापडेल तेवढंच बोल. पण बोल. हा विषय ऐकल्याशिवाय मी सोडणार नाही तुला." मी हो म्हटलं. ती आमची शेवटची भेट.

दफनाच्या दिवशी गेणूभाऊ फेटा बांधून आले होते. मूठभर माती टाकून परतताना म्हणाले, "पोरी, तुझं ऱ्हायलंय." मला ठाऊक होतं. आपण दिलेला शब्द घ्यायला माणूस उरला नाही, की शब्दही संपतो का? माझ्यापुढे तेवढाच प्रश्न होता. आणि मी बोलले नाही तर हे रविवारही बाईंबरोबर संपणार, हेही दिसत होतं.

परवाच्या रविवारी दानिएलने कुलूप उघडलं. गेणूभाऊंनी दूध आणलं होतं. चहा झाला, सवयीने चार कप भरले गेले आणि चौथा बाईंच्या खुर्चीपुढे तसाच वाफाळत राहिला. विरुद्ध बाजू दानिएलची होती. तो एवढंच म्हणाला, "आत्याची खुर्ची रिकामी आहे. मला आणखी काही सुचत नाही." आणि बसला. त्यापेक्षा मोठा मुद्दा कुणालाच सुचला नसता.

मी उभी राहिले. माझा विश्वास नाही, हे आधी सांगितलं. मग जे सापडलं ते सांगितलं. की पहाटे गुरूच्या कबरीकडे गेल्या त्या बायका. मोठमोठे शिष्य दार लावून बसले होते आणि या सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या, कारण मेलेल्या माणसाचंही काम उरलेलं असतं आणि ते कुणीतरी करायचं असतं. परत येऊन त्यांनी सांगितलं, तर पुरुषांना ती बडबड वाटली. त्या काळात बाईच्या साक्षीला किंमत नव्हती, तरी लिहिणाऱ्यांनी पहिली साक्ष बायकांचीच ठेवली... कुणाला गोष्ट रचायचीच असती तर त्याने साक्षीदार असे निवडले असते का? कबरीत काय झालं मला माहीत नाही. पण मेलेल्याचं काम घेऊन पहाटे निघालेल्या बायकांवर माझा विश्वास आहे, अगदी पूर्ण विश्वास आहे! इथे माझा आवाज चढला. हात वर गेला. बायकांचं न ऐकणाऱ्या पंचायती, न ऐकणारी कार्यालयं, न ऐकणाऱ्या चळवळी, सगळ्यांना मी एका रांगेत उभं केलं आणि म्हणाले, "म्हणून मी इथे जाहीरपणे सांगते, की..."

घंटी वाजली.

गेणूभाऊंनी बाईंचा कप कधी उचलला, मला दिसलं नव्हतं. त्यांच्या एका हातात तो रिकामा कप होता, दुसऱ्या हातात घंटी. कपाच्या कडेला सायीची जाड रेघ होती.

"चा संपला, क्रांती," ते म्हणाले. "बस खाली."

मी बसले.